मागच्या आसनावर

मराठीच्या अध्यापकांनी मोटारीत शिरणाऱ्या रस्त्याच्या आवाजाविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. आमच्यापैकी एकाने वाहनशास्त्राचे पुस्तक कधी उघडलेले नाही आणि दुसऱ्याला स्टेपनी बदलायची म्हटले तरी धडकी भरते. तरीही मागे एका शैक्षणिक वर्षात या आवाजाच्या निमित्ताने आम्हांला एक गोष्ट कळली, आणि ती वर्गात भाषाविज्ञान शिकवताना कळलेली नव्हती. हे टिपण दोघांनी मिळून लिहिले आहे, कारण जे घडले ते दोघांच्याही हातून घडले.

आम्ही अंबाजोगाईत राहतो आणि केज ओलांडून मांजरसुंब्याच्या बाजूला असलेल्या एका महाविद्यालयात शिकवतो. एका बाजूचा प्रवास तासाभराचा. पूर्वी तो एस. टी.ने होत असे. खिडक्यांच्या काचा, सुटलेले पत्रे आणि इंजिन यांचा तिथे असा एकत्र गजर चाले, की संभाषणाचा प्रश्नच उद्भवत नसे. पुस्तक उघडावे किंवा डोळे मिटावे, एवढेच पर्याय. दहाएक वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने लहान मोटार घेतली आणि दुसरा पेट्रोलचा वाटेकरी झाला. वेळ वाचतो, असे आम्ही घरी सांगितले. खरे कारण बोलायला मिळते, हे होते. बदललेला अभ्यासक्रम, नव्या कादंबऱ्या, दिवाळी अंकांतले वाद, उत्तरपत्रिकांमधले अनपेक्षित विनोद या सगळ्यांची चर्चा त्या दोन पुढच्या आसनांवर झाली. आमच्या वाचनाचा निम्मा भाग तरी या रस्त्यावर पक्का झाला असेल.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये या प्रवासात तिसरे सहकारी आले. आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर त्यांची नेमणूक झाली होती. वय तिशीच्या आत, मराठीत एम. ए., नेट उत्तीर्ण, पीएच. डी.चे काम सुरू. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे या टिपणाच्या वाचकांना सांगायला नको. घेतलेल्या तासांचे मोजून मानधन, सुट्टीचे काही नाही, आणि जे मिळायचे ते बिल मंजूर होईल तेव्हा. त्यांना एस. टी.चे भाडे पडू नये म्हणून आम्ही त्यांना सोबत घेतले आणि त्याचे थोडे समाधानही बाळगले. ते मागे बसत. त्यांच्या शेजारी आमच्या दोन पिशव्या, जेवणाचे डबे आणि परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असत. सुरुवातीला ते बोलत. मग हळूहळू कमी झाले. दिवाळीनंतर तर 'नमस्कार सर' आणि 'येतो सर' याशिवाय त्यांच्या तोंडून फारसे काही येईना. मुलगा गुणी आहे पण अबोल आहे, असा निष्कर्ष आम्ही दोघांनी काढला आणि आमचे बोलणे पुढे चालू ठेवले.

मांजरसुंबा ते अंबाजोगाई हा रस्ता आता सिमेंटचा आहे. डांबरी रस्त्यावरचे खड्डे गेले आणि त्यांच्या जागी एक अखंड गुणगुण आली. चाक घसरू नये, पाणी निघून जावे, यासाठी सिमेंटच्या पृष्ठभागावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात. त्या समान अंतरावर असल्या की टायर एका विशिष्ट वेगाला एकच सूर धरतो. शिवाय ठरावीक अंतरावर सांधे असतात, त्यांचा ठेका वेगळा. डांबराच्या बारीक छिद्रांत आवाजाचा काही अंश जिरतो, तसा तो घट्ट सिमेंटात जिरत नाही. त्या हिवाळ्यात हा आवाज आम्हांला एकाएकी असह्य वाटू लागला. घरी पोहोचल्यावर घसा बसलेला असे. दिवसाला चार तास शिकवणाऱ्या माणसाने परतीच्या वाटेवर तासभर ओरडून बोलावे, हे काही शहाणपणाचे नव्हते. आवाजाचा बंदोबस्त करायचे ठरले ते असे, आमच्या घशासाठी.

पहिला प्रयत्न फसला. मोटारी सजवणाऱ्या एका दुकानात आम्ही गेलो. तिथे बॉनेटखाली आणि चारही दरवाजांत चंदेरी पाठीच्या जाड पट्ट्या भरून मिळाल्या. पैसे बरेच गेले. दरवाजा आता भारदस्त 'धप्प' आवाजाने लागू लागला, पण सिमेंटवरची गुणगुण तशीच राहिली. पुढे अवकाळी पाऊस झाला तेव्हा वळणावर दरवाजातून पाणी डुचमळल्याचा आवाज येऊ लागला. काचेच्या फटीतून दरवाजात उतरणारे पाणी निघून जावे म्हणून दरवाजाच्या तळाशी छिद्रे असतात, तीच पट्ट्यांनी बुजवली गेली होती. तशीच राहिली असती तर दोन पावसाळ्यांत दरवाजे गंजले असते.

त्यानंतर केजच्या एका वयस्कर मिस्त्रींनी आम्हांला हा विषय समजावून दिला. त्यांनी मोटारीकडे पाहण्याआधी एकच प्रश्न विचारला: "आवाज कुठून येतो ते ऐकलं का सर?" आम्ही ऐकलेले नव्हते. आम्ही फक्त त्रास करून घेतला होता. त्यांच्याकडून आणि मग स्वतःच्या वाचनातून जे समजले ते थोडक्यात असे. रस्त्याचा आवाज मोटारीत दोन वाटांनी येतो. एक वाट धातूची. चाकाला बसणारे हादरे सस्पेन्शनमधून सांगाड्यात जातात, सांगाड्यातून फरशीच्या आणि दरवाजांच्या पातळ पत्र्यात उतरतात, आणि तो पत्रा ढोलकीच्या पुडीसारखा थरथरून आतली हवा हलवतो. हा आवाज खर्जातला, साधारण पाचशे हर्ट्झच्या खालचा. दुसरी वाट हवेची. टायरची नक्षी रस्त्यावर आपटते, पुन्हा सुटते, आणि त्यात जो आवाज निर्माण होतो तो फटींतून, काचांतून, चाकावरच्या कमानीतून आत शिरतो. त्याचा जोर हजार हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे साध्या मोटारीत इंजिनापेक्षा टायरचाच आवाज वरचढ ठरतो, आणि वेग शंभराकडे गेला की त्यात वाऱ्याची भर पडते. आमच्या बॉनेटखालच्या पट्ट्यांनी यातली कोणतीच वाट अडवलेली नव्हती.

अंबाजोगाईत राहणाऱ्या मराठीच्या माणसाला या दोन वाटा ऐकून दासोपंत न आठवले तरच नवल. त्यांची पासोडी आमच्या गावात जतन केलेली आहे. एका लांबच लांब जाडजूड वस्त्रावर त्यांनी पंचीकरण लिहून ठेवले. पंचमहाभूतांच्या त्या मांडणीत शब्द हा मुळात आकाशाचा गुण. वायूत शब्द आणि स्पर्श हे दोन्ही येतात, आणि उतरत उतरत पृथ्वीपाशी आले की तिच्यात पाचही गुण असतात. शब्द आकाशाचा म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितले होते, पण तो पृथ्वीचाही आहे हे वाक्य पुस्तकातच राहिले होते. मिस्त्रींनी आमचा हात धावत्या मोटारीच्या फरशीवर ठेवायला लावला तेव्हा ते तळव्याला कळले.

मिस्त्रींनी दुसरी गोष्ट सांगितली ती आसनांविषयी. आमच्यासारख्या लहान मोटारीत डिकी आणि बसण्याची जागा यांत भिंत नसते. मागच्या चाकांच्या कमानी मागच्या आसनाच्या अगदी बगलेत येतात आणि स्टेपनीचा खळगा उघड्या रांजणासारखा घुमतो. मोटारीतला सर्वांत वाईट आवाज मागे असतो. "मागं कोण बसतं?" त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. "मग त्यांना विचारा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले. आमच्या तरुण सहकाऱ्यांनी, प्रबंधाचा विषय ध्वनिविचाराशी जवळचा असल्यामुळे असेल, एक साधी चाचणी सुचवली. पुढच्या आसनावरच्याने समोर पाहत, नेहमीच्या आवाजात, वीस शब्द वाचायचे. मागच्याने ऐकू येतील तसे लिहायचे. शब्द मुद्दाम जोडीजोडीचे निवडले: कान-पान, दान-मान, शाळा-माळा, ताट-पाट. सिमेंटवर, ताशी सत्तरच्या वेगाला, केज मागे टाकल्यावर आम्ही यादी वाचली. मोटार थांबवून त्यांची वही पाहिली तेव्हा निम्मे शब्दही बरोबर नव्हते. 'कान'चे 'पान' झाले होते, 'शाळा'ची 'माळा'. चुकांमध्ये मात्र शिस्त होती. एकाही ठिकाणी 'आ'चा 'ई' झालेला नव्हता. स्वर शाबूत होते, व्यंजने गेली होती. ते हसून म्हणाले, "सर, गेले कित्येक महिने मला तुमचे फक्त स्वर ऐकू येतात."

आम्हीही हसलो. स्वर स्वतः प्रकाशतात आणि व्यंजने स्वराच्या आधाराने उभी राहतात, हे आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो. उच्चाराची ताकद स्वरांत असते, एका शब्दापासून दुसरा शब्द वेगळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणात व्यंजने करतात, आणि ती नाजूक असतात. खर्जातला सततचा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले ध्वनीही झाकून टाकतो. त्यात पुढे बसणाऱ्याचे तोंड समोरच्या काचेकडे असते. त्याचे बोलणे शेजाऱ्याला पोहोचते, मागच्याला पाठ ऐकावी लागते. मागच्याने काही म्हटले तर तेही आमच्यापर्यंत चाकांच्या घुमण्यातून गाळून येई. अर्धवट ऐकलेल्या संभाषणात माणूस किती दिवस भाग घेईल? 'अबोल' हे विशेषण आम्ही त्यांच्या स्वभावाला लावले होते. ते आमच्या टायरांना लावायला हवे होते.

मग कामाला नीट क्रमाने लागलो. मिस्त्रींनी प्रथम चाके खोलली. मागच्या टायरांची नक्षी एकसारखी न झिजता पायऱ्या पायऱ्यांनी खाल्ली गेली होती. अशा टायरातून हमखास घूंऽघूं असा आवाज येतो, आणि तो बेअरिंगचा असल्याचा भास होतो. बेअरिंगचा आवाज वळणावर बदलतो, टायरचा फारसा बदलत नाही, ही त्यांची कसोटी. अलाइनमेंट करून घेतली, हवा कंपनीने दरवाजावर लिहिलेल्या आकड्याइतकी ठेवली (आम्ही मायलेजसाठी जास्त भरत होतो), आणि चारही टायर नवे घेतले. टायर घेताना आवाजाविषयी विचारायचे असते, हेही तेव्हाच समजले. युरोपात २०१२ पासून टायरवरच्या चिठ्ठीत आवाजाचा आकडा छापतात. आपल्याकडेही केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ साली अधिसूचना काढून टायरच्या आवाजाला प्रमाण लावले आहे. हा आकडा बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाचा असतो, आतल्याचा नसतो, पण निवड करताना काही दिशा मिळते. एवढ्याने निम्मा त्रास गेला. दुकानातल्या चंदेरी पट्ट्यांच्या आधी हे झाले असते तर पैसे वाचले असते.

नंतर फटी. याबाबतचे एक गणित आम्हांला फार आवडले. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी ती भिंत कितीही जाड असो, वीस डेसिबलांपलीकडे आवाज अडवू शकत नाही. दरवाजाच्या चौकटीत कागदाची पट्टी धरून दरवाजा लावायचा आणि पट्टी ओढून पाहायची. ती सहज निघाली की तिथले रबर गेले. मागच्या डाव्या दरवाजाचे आणि डिकीचे रबर बदलले. दरवाजांच्या तळाची छिद्रे मोकळी केली.

शेवटी पत्रा. कुशनवाल्याने मागचे आसन, गालिचा, डिकीची फळी सगळे बाहेर काढले. मोटारीचा उघडा पत्रा इतका पातळ असतो हे पाहून जरा भीतीच वाटली. बोटाने वाजवला की 'टण्' असा आवाज येई. ॲल्युमिनियमच्या पाठीची ब्यूटाइल रबराची पट्टी मधोमध चिकटवली, रूळ फिरवून दाबली, आणि पुन्हा वाजवले तर 'थप्'. ही पट्टी आवाज अडवत नाही, पत्र्याची थरथर स्वतःत जिरवून तिची किंचित उष्णता करते. त्यामुळे सगळा पत्रा मढवावा लागत नाही. मोकळ्या पृष्ठभागाचा चौथा हिस्सा झाकला तरी बराचसा परिणाम साधतो. हवेतून येणारा आवाज अडवायला मात्र वजनच लागते. आडोशाचे वजन दुप्पट केले तर जेमतेम सहा डेसिबल वाचतात. म्हणून चाकांच्या कमानी आणि स्टेपनीचा खळगा एवढ्याच ठिकाणी जाड थर दिला, आणि गालिच्याखाली घोंगडीसारखे फेल्ट अंथरले. पासोडीच म्हणा ना.

२०२४ च्या फेब्रुवारीत हे काम पुरे झाले. मोबाईलवरच्या मापकात चार-पाच डेसिबलांचा फरक दिसला. ऐकायला हा आकडा किरकोळ आहे. दहा डेसिबल उतरले तर कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे आम्ही निम्म्यापर्यंतही पोहोचलो नव्हतो. पण शब्दांची यादी पुन्हा वाचली तेव्हा वीसपैकी तीनच चुकले.

त्याच आठवड्यात, परतताना, नेकनूर मागे पडल्यावर मागून आवाज आला. अगदी साध्या पट्टीतला, स्पष्ट.

"सर, ते मानधनाचं काही झालं का?"

"कसलं मानधन?"

"मी दिवाळीनंतर म्हणालो होतो. बिलावर विभागप्रमुखांची सही राहिलीय म्हणून. तुम्ही म्हणालात, हो हो, बघतो. नंतर डिसेंबरातही एकदा विचारलं होतं. तेव्हाही हो म्हणालात."

विभागप्रमुख म्हणजे आमच्यापैकी एक, त्या क्षणी स्टिअरिंगवर बसलेला. दुसरा शेजारी. दोघांनाही ती वेळ अंधुक आठवली. मागून काहीतरी आले होते, प्रश्नाच्या सुरातले. आम्ही आरशात पाहून मान हलवली होती, 'हो हो' म्हटले होते, आणि एका कथासंग्रहाविषयीचे आमचे बोलणे पुढे सुरू केले होते. त्यांच्या बोलण्यातले स्वर आमच्यापर्यंत पोहोचले होते, आणि तेवढ्यावर आम्ही होकार दिला होता.

कार्यभाराचा तक्ता आणि चार महिन्यांची बिले विभागाच्या कपाटात, हजेरीपटाखाली होती. दुसऱ्या दिवशी सही झाली. पैसे मार्चअखेरीस आले. मधल्या काळात पीएच. डी.चे शुल्क भरायची मुदत निघून गेली होती. ते त्यांनी सांगितले नाही, आम्हांला दुसरीकडून कळले. आम्ही विचारले, स्टाफरूममध्ये का नाही आठवण करून दिली? ते म्हणाले, "तिथं दहा जण असतात, सर. आणि तुम्ही हो म्हणाला होता." तासिका तत्त्वावरच्या माणसाने विभागप्रमुखाला एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारावी, अशी अपेक्षा करण्याचा आम्हांला अधिकार नव्हता.

मोटारीत ऐकू येऊ लागल्यावर ते बोलू लागले, आणि चांगले बोलत. एकदा त्यांनी लहानपणीच्या प्रवासाची गोष्ट सांगितली. घर शिरूर कासार तालुक्यातले, आई-वडील कोयत्यावर जाणारे. मुकादमाची उचल घेतली की दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रकवर चढायचे आणि रात्रभराचा प्रवास करून पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या तळावर उतरायचे. ट्रकच्या उघड्या हौद्यात भांड्यांचा, साखळ्यांचा, चाकांचा असा आवाज असे की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. म्हणून आई बोलत नसे. ती हात दाबून सांगे. एकदा दाबला म्हणजे झोप, दोनदा दाबला म्हणजे उतरायचे. "गाडीत आवाज असला की गप्प बसायची सवयच आहे मला," ते म्हणाले. ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नव्हते, म्हणूनच ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. आम्ही घशासाठी हजारो रुपये खर्चून एक आवाज कमी केला. आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दर वर्षी त्याहून कितीतरी मोठ्या आवाजातून जातात, आणि त्यांचे बोलणे ऐकून घेण्यासाठी गालिचा उचकटून पाहायची वेळ कोणावर येत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये ते पुण्याच्या एका खासगी शाळेत गेले. पगार कमी आहे, पण दर महिन्याला होतो. प्रबंधाची नोंदणी पुन्हा करणार आहेत, असे फोनवर सांगतात. आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या शुल्काची रक्कम द्यायची तयारी दाखवली. त्यांनी नम्रपणे नको म्हटले, आणि तो नकार आम्हांला अगदी स्पष्ट ऐकू आला.

आता विभागात तासिका तत्त्वावर एक नव्या सहकारी आहेत आणि त्याही आमच्याबरोबर येतात. त्यांना पुढे बसवून आम्ही दोघे आलटून पालटून मागे बसतो. मागे बसल्यावरच समजले की डिकीच्या फळीचा एक कोपरा अजून वाजतो. त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला.

मिस्त्रींनी निरोप देताना सांगितले होते की नवे टायरही पंचवीस-तीस हजार किलोमीटरनंतर पुन्हा बोलू लागतील. आवाज रोज थोडा थोडा वाढतो, त्यामुळे आत बसणाऱ्याला तो वाढल्याचे कळत नाही. म्हणून शब्दांची ती यादी, त्यांच्या अक्षरातली, आम्ही पुढच्या खणात ठेवली आहे. दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात, केज ओलांडले की, पुढच्याने ती वाचायची आणि मागच्याने लिहायची, असा नेम केला आहे.